एकतिसाव्या चित्रातला कंद

नाशिक, रविवार, दि. ११ जानेवारी २००४

हा कागद सुरू करण्याआधी एका माणसाची माफी मागायची आहे. सावळीराम, नऊ वर्षं मी गप्प राहिले. तुम्ही समोर उभं राहून विचारलंत, तेव्हाही खरं बोलले नाही. का, ते पुढे लिहिलं आहे. ती कारणं कोणाला सबबी वाटली तर मी वाद घालणार नाही.

मी, निर्मला केदा आहेर, वय ४६, अविवाहित, नोकरी वनस्पतिशास्त्राची अध्यापिका, मूळ गाव देवळा, हल्ली राहणार पंचवटी, नाशिक, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. दुखण्याची गोळी मी दुपारी घेते, ती आज लिहून होईपर्यंत घेणार नाही, म्हणजे गुंगीत लिहिलं असं पुढे कोणी म्हणायला नको. माझ्यावर कोणाचं दडपण नाही. असतं तर हे नऊ वर्षांपूर्वीच लिहून झालं असतं. पोटातली गाठ परत आली आहे, दुसरं ऑपरेशन मी नको म्हटलं आहे, आणि डॉक्टर उन्हाळ्यापर्यंतची गोष्ट करतात. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. जिथे खाडाखोड आहे तिथे बाजूला माझी छोटी सही आहे.

कलम १. पंचवटीतल्या दोन खोल्या, त्यांतल्या भांड्याकुंड्यांसह, माझी पुतणी शुभांगी ज्ञानेश आहेर हिला द्याव्यात. तिच्या नावावरच कराव्यात. तिच्या वडिलांच्या, नवऱ्याच्या किंवा पुढे होणाऱ्या मुलाच्या नावावर करू नयेत. माझा भाऊ ज्ञानेश याला वाईट वाटेल. त्याने वडिलांदेखत मला विचारलं होतं, "पानंफुलं रंगवून पोट भरतं का गं, निर्मल?" पोट भरत नव्हतंच, पण विचारायची ती वेळ नव्हती. त्याच्यावर माझा राग नाही असं एक वाक्य इथे लिहिलं होतं. वाचून खोटं वाटलं, म्हणून खोडलं. तो दरवर्षी कांद्याची गोणी पाठवतो, ती मात्र मी आवडीने खाल्ली.

कलम २. बँकेत जे काही असेल त्यातून आधी कलम ५ मधली छपाई करावी. उरलं तर शुभांगीचं शिक्षण.

कलम ३. सामान. वनस्पती दाबायची लाकडी चौकट, दोन्ही भिंगं आणि टाचणीच्या टोकाएवढ्या ब्रशापासून पुढचे सगळे ब्रश कॉलेजच्या प्रयोगशाळेला द्यावेत. मुलांनी ब्रश पाण्याच्या पेल्यात उभे ठेवू नयेत. वीस वर्षं हेच सांगत आले, आता लेखी सांगते. रंगाच्या पेटीत पांढऱ्या रंगाची वडी कोरी निघेल. ती फुकट गेली असं समजू नये. जलरंगात पांढरं लावायचं नसतं, कागद राखायचा असतो.

सलिमा शेख, आमच्या प्रयोगशाळेतल्या मदतनीस, या मृत्युपत्राच्या अंमलबजावणीचं काम बघतील आणि साक्षीदारही राहतील. वकिलांनी सांगितलं आहे की ज्याला काही द्यायचं त्याला साक्षीदार करू नका, पुढे शंका निघतात. हे मी सलिमाला सांगितलं तेव्हा तिने कपाळाला हात लावला.

"म्हणजे ताई, पळापळ मी करायची, आणि मला ठेंगा?"

"साक्षीदाराला काही घेता येत नाही गं."

"मग तो मोठा कुकर आत्ताच देऊन टाका. जित्या माणसाने दिलेलं चालतं ना?"

तो कुकर दि. ९ रोजी तिला दिला आहे. या मृत्युपत्राशी त्याचा संबंध नाही.

कलम ४. पुस्तकं. पलंगाखालच्या लोखंडी पेटीत एक मोठा ग्रंथ आहे, पाठ फाटलेला. कॉलेजच्या ग्रंथालयाने रद्दीत काढला तेव्हा मी तो रीतसर पावती करून घेतला. सोळाव्या शतकातल्या युरोपातल्या वनस्पतिचित्रांच्या नकला त्यात आहेत. मी चित्रकलेच्या शाळेत गेलेले नाही. जे शिकले ते या पुस्तकातून. जमीन नाही, सावली नाही, मागे डोंगर नाही. कोऱ्या कागदावर मुळासकट उपटलेलं एक झाड, एवढंच. हे पुस्तक शुभांगीला द्यावं, पण देताना पुढचं तिला वाचून दाखवावं, कारण या पुस्तकाने मला शिकवलं आणि याच पुस्तकामुळे मी चुकले.

त्या काळचे चित्रकार दोन तऱ्हेचे होते. काहीजण समोर आहे तेच काढत. पान किडीने खाल्लेलं असेल तर खाल्लेलं, फांदी वाटेत मोडली असेल तर मोडलेली. पाहणाऱ्याला ते एक रोप कळतं, पण त्या जातीचं झाड कसं असतं ते पुरतं कळत नाही. दुसऱ्यांनी यावर उपाय काढला. पावसाळ्यातलं पान, हिवाळ्यातलं फळ आणि जमिनीखालचं मूळ एकाच कागदावर आणायचं. असं झाड कोणत्याच दिवशी कुठेच उभं नसतं, पण अभ्यासाला ते सोयीचं पडतं. मी दुसऱ्या तऱ्हेची झाले. एकशे बारा चित्रं मी याच रीतीने केली. ही रीत वाईट आहे असं मी म्हणत नाही. तिच्यात एक अट आहे, की जोडलेला प्रत्येक तुकडा त्याच जातीचा असला पाहिजे. ती अट मी एकदा मोडली.

त्याच ग्रंथात आणखी एक गोष्ट होती. एका जुन्या पुस्तकाच्या शेवटी चित्रकार, ते चित्र लाकडावर उतरवणारा आणि ते लाकूड कोरणारा, अशा तिघांची चित्रं नावांसह छापलेली होती. मला ते फार आवडलं. माझ्या प्रत्येक चित्राखाली झाड आणून देणाऱ्याचं नाव छापायचं, असा आग्रह मी धरला. त्याचा मला अभिमान होता.

कलम ५. चित्रं, आणि चित्र क्रमांक ३१.

आमच्या निसर्गवाचन मंडळाने १९९३ च्या जूनमध्ये 'रानातला घास' ही पुस्तिका काढली. रानभाज्या, फळं, कंद. चित्रं माझी, मजकूर मंडळाचे अध्यक्ष प्रा. खंडेराव शिरसाठ यांचा. पेठच्या डोंगरातून झाडं आणून देण्याचं काम सावळीराम गवळी करायचे. चित्र ३१ हे पाच पानी गोड्या कंदाच्या वेलाचं. वेल मी १९९२ च्या सप्टेंबरात तिथे बसून जिवंत वेलावरून रंगवला, आणि सावळीरामने त्याला खुणेची लाल चिंधी बांधली. पानं झडून वेल वाळल्यावर, म्हणजे जानेवारीत, कंद खणायचा होता. त्यासाठी कागदाची खालची अर्धी जागा मी मोकळी ठेवली होती.

रविवार, दि. १७ जानेवारी १९९३ रोजी सावळीराम पिशवी घेऊन माझ्या घरी आले. त्यांनी फरशीवर वर्तमानपत्र पसरलं आणि दोन कंद अलग अलग ठेवले.

"बाई, हा आपल्या चिंधीवाल्या येलाचा. रानडुकरानं निम्मा खाल्ला."

"आणि हा?"

"हा नुसता बघायला आणलाय. हा त्या येलाचा नाय. ह्यो तीन पानी. कडू. ह्याला राखंत शिजवायचा, दोन रात्री व्हाळाच्या पाण्यात ठेवायचा, तवा कुठं खायचा. नायतर माणूस जातं."

"मग आणलात कशाला?"

"दोन्ही संगं ठेवल्याबिगर फरक कसा कळंल?"

ते मला शिकवायला आले होते. मी ते शिकले नाही. डुकराने खाल्लेला कंद अर्धवट, काळा पडलेला, चिखलाने माखलेला होता. दुसरा अख्खा होता. खिडकीतलं ऊन त्याच्या मुळ्यांच्या केसांवर पडलं होतं आणि मला हात आवरेना. पुस्तिका छापायला द्यायची घाई होती, हेही खरं. पण घाई नसती तरी मी तोच रंगवला असता, असं आज वाटतं.

सावळीराम पुन्हा म्हणाले, "बाई, हा त्या येलाचा नाय बरं का."

मी म्हणाले, "सावळीराम, चित्रातला कंद कोण खातंय?"

ते हसले. म्हणाले, "ते बी खरं."

त्या दिवशीची माझी डायरी आहे. तिच्यात मी लिहिलं आहे: 'कंद अप्रतिम. सावळीरामचं म्हणणं, हा त्या वेलाचा नाही. बाहेरून फारसा फरक नाही. खालची जागा छान भरून निघाली.' त्याखाली मी रंगांची नावं लिहिली आहेत. पुस्तिकेत चित्राखाली छापलं गेलं: 'गोडा कंद. भाजून खातात. आणून देणारे: सावळीराम गवळी, पेठ.'

मनीषा ही सावळीरामची थोरली मुलगी, आश्रमशाळेत नववीत. मंडळाने पुस्तिका शाळांना वाटल्या होत्या. दि. २२ जानेवारी १९९५ रोजी, रविवारच्या सुट्टीत, ती चार मैत्रिणींना घेऊन शाळेमागच्या टेकडीवर कंद खणायला गेली. वेल वाळलेले, पानं झडलेली. मुलींपैकी एकीने शंका काढली, तेव्हा मनीषाने पुस्तिका उघडून कंद चित्राशेजारी धरला. तो हुबेहूब जुळला. जुळणारच होता. ती म्हणाली, "हे बघ, खाली माझ्या बाचं नाव हाय."

त्या डोंगरात एक रीत आहे. रानातला कंद ज्याने खणला त्याने आधी खायचा, आणि बाकीच्यांनी घटकाभर हात आखडून बसायचं. मनीषाने रीत पाळली. चौघी भुकेल्या होत्या, चिडवत होत्या, तरी तिने कोणाला हात लावू दिला नाही. रीतीप्रमाणे एक फोड खाऊन थांबायचं असतं. ती एका फोडीवर थांबली नाही, कारण तिला शंका नव्हती. चित्राखाली बापाचं नाव होतं. आधी उलट्या, मग झटके. जीप मिळून निघेपर्यंत ती गेली. चौघी वाचल्या. त्यांतल्या एकीचं लग्न झाल्याचं मी ऐकलं. माझ्या चित्राने एक मारली आणि तिच्या बापाने शिकवलेल्या रीतीने चौघी वाचवल्या, हा हिशोब मी अनेकदा मांडला आहे. तो माझ्या बाजूने कधीच लागत नाही.

गावात ठरलं की सावळीरामनेच कॉलेजला चुकीचा कंद दिला. कॉलेजच्या बाईला रान शिकवतो आणि पोटच्या पोरीला शिकवता आलं नाही, असं त्यांच्या तोंडावर बोललं गेलं. त्यांच्या बायकोने, चतुराबाईने, वर्षभर त्यांच्याशी बोलणं टाकलं. त्यांनी रानात जाणं सोडलं आणि द्राक्षबागांच्या मजुरीला लागले.

मी त्या आठवड्यात खंडेराव सरांकडे गेले. "सर, एकतिसाव्या चित्राबद्दल काही सांगायचं आहे," एवढंच म्हणाले. त्यांनी हात वर केला. "निर्मलाताई, तुम्ही काय सांगणार ते मला माहीत नाही, आणि मला ते माहीत होऊ देऊ नका. पोरी आहेत, चुकीचं खणलं. संपलं." मी घरी आले. मला हायसं वाटलं, हे लिहिलंच पाहिजे. तेव्हा मी नोकरीत कायम व्हायची होते आणि ही पुस्तिका माझ्या अर्जाला जोडलेली होती. आई आजारी होती म्हणून बोलणं राहून गेलं, असं डायरीत आहे. आई आजारी होती हे खरं. ते कारण नव्हतं.

आता पुस्तिकेची दुसरी आवृत्ती निघते आहे, फेब्रुवारीअखेर. चित्र ३१ जसंच्या तसं जाणार होतं. या कलमाने मी ठरवते की माझी सगळी चित्रं आणि त्यांचे हक्क मंडळाला एका अटीवर मिळतील. चित्र ३१ मधला कंद काढून ती जागा कोरी छापावी आणि शेजारच्या पानावर वरचा मजकूर, 'रविवार, दि. १७ जानेवारी' पासून 'ते बी खरं' पर्यंत, एक शब्द न बदलता छापावा. अट मान्य नसेल तर एकही चित्र छापू नये. ती शुभांगीने ठेवावीत.

कोऱ्या जागी दुसरा कंद काढून टाकावा, असं मला वाटलं होतं. डुकराने खाल्लेला तो कंद मला आठवतो. पण आठवणीतून काढणं म्हणजे पुन्हा तेच. पुढे कोणाला खऱ्या वेलाचा कंद मिळाला तर त्याने समोर ठेवून काढावा, दात लागलेला असेल तर दाताच्या खुणेसकट.

मूळ चित्र फाडू नये. सलिमा म्हणते जाळा. मी चिमटा घेऊन चुलीपर्यंत गेलेही होते. मग त्याच्या खाली शाईने लिहिलं: 'वेल गोडा, कंद कडू. चूक चित्रकाराची.' ते तसंच कॉलेजात लावावं, मुलांच्या नजरेच्या उंचीवर.

या कलमाचा कच्चा खर्डा परवा लिहून झाल्यावर मला कळलं की मृत्युपत्रात खरं लिहिणं म्हणजे मेल्यावर बोलणं. पुस्तिका फेब्रुवारीत निघेल आणि मी कदाचित मे महिन्यात मरेन. मी पुन्हा एकदा सोयीची जागा शोधली होती. म्हणून या कलमाची नक्कल काल, दि. १० रोजी, रजिस्टर टपालाने मंडळाला पाठवली आहे, आणि चित्र ३१ छापण्याची परवानगी त्याच दिवसापासून काढून घेतल्याचंही त्यात लिहिलं आहे. पावती या कागदाला टाचली आहे.

कलम ६. सावळीराम गवळी यांना मी या मृत्युपत्राने काहीही देत नाही. हे विसरून राहिलेलं नाही.

२००१ च्या नोव्हेंबरात सकाळी मी इथल्या पेठ नाक्यावर रिक्षा शोधत होते. मजुरीला आलेली माणसं नेहमीप्रमाणे रस्त्याकडेला बसली होती. त्यांतून ते उठून आले.

"बाई, तब्येत बरी हाय ना? लय वाळलात."

मी बरी आहे म्हणाले. मग त्यांनी पुस्तिकेचा विषय काढला. आवाज चढवला नाही.

"चित्र भारी होतं तुमचं. त्यात खोट नाय. तो कांद तसाच दिसतो." मग म्हणाले, "येकच इचारतो. मी तुम्हाला सांगितलं होतं का नव्हतं? समदी म्हणत्यात, त्वाच दिला. घरची बी म्हणती. मला वाटतं, मी सांगितलं होतं. पर येवढी वरसं समदी म्हणत्यात, तर आता माझंच मला खरं वाटंना."

त्यांना पैसे नको होते, माफीही नको होती. हो किंवा नाही एवढंच हवं होतं.

मी म्हणाले, "आता आठवत नाही, सावळीराम."

ते म्हणाले, "ऱ्हायलं." आणि परत जाऊन आपल्या जागेवर बसले. त्या दिवशी घरी येऊन मी डायरी काढून ते पान वाचलं. ते पान मला आधीही पाठ होतं.

मी कंद रंगवला ती चूक होती. नाक्यावर जे बोलले ती चूक नव्हती. ते मी समजून केलं.

वकिलांच्या सांगण्याप्रमाणे ज्याला काही दिलं जातं त्याने साक्षीदार होऊ नये. कंद आणला त्या दिवशी माझ्या घरात दोनच माणसं होती. त्यामुळे या कागदाला खरा साक्षीदार एकच असू शकतो, आणि तो निःशंक राहावा म्हणून त्याला एक ब्रशही ठेवलेला नाही. त्यांनी सही करायला नकार दिला तर तो त्यांचा अधिकार आहे. त्यांना दुसऱ्यांदा विचारू नये. तसं झालं तर दुसरी सही सलिमाच्या मुलाची, फरहानची घ्यावी, आणि सावळीरामच्या नावापुढची जागा कोरी ठेवावी. खोडू नये.

कलम ७. माझ्या मागे दिवस घालू नयेत. पिंडाला कावळा शिवला नाही तर ज्ञानेश घाबरेल आणि वाट्टेल ते कबूल करत बसेल. राख गोदावरीत न सोडता कॉलेजच्या बागेत टाकावी. पोटॅशसाठी चांगली असते.

हे सात कलमांचं मृत्युपत्र मी वाचून पाहिलं. कलम १ मधलं खोडलेलं वाक्य सोडून काही बदलावंसं वाटलं नाही. माझी सही दोन्ही साक्षीदारांच्या समोर व्हायला हवी, म्हणून आज केलेली नाही. आता गोळी घेते.

लिहून देणार: निर्मला केदा आहेर
सही:

साक्षीदार १: सलिमा शेख, जुने नाशिक
सही: (माझ्याबरोबर येणार आहे. म्हणाली, "डबा मी आणते, त्या कुकरात शिजवून.")

साक्षीदार २: सावळीराम गवळी, पेठ
सही किंवा अंगठा:

ठिकाण: नाशिक, पेठला जाण्याच्या आदल्या दिवशी

उद्या: सकाळची पेठची एस.टी. डायरीचं पान बरोबर घ्यायचं. चतुराबाई घरात असताना, तिच्या कानावर पडेल असं, आधी 'हो, तुम्ही सांगितलं होतं' म्हणायचं. कागद त्यानंतर काढायचा.